डोळ्यांवरची चमकी: ब्रश, सिलिकॉन की आपलं बोट?

रंगपेटी (धागालेखिका)

मंडळी, धागा लांबणारे, चहा घेऊन बसा.

मी साताऱ्याकडे ब्रायडल मेकअप करते. लग्नसराई नसते तेव्हा युवा महोत्सव, गॅदरिंग, डान्स ग्रुप असली कामं घेते. तर गेल्या महिन्यात लावणीचा एक ग्रुप होता, अकरा मुली, ग्रीनरूम म्हणजे शाळेचा एक वर्ग, दोन ट्यूबलाइट आणि हातात दीड तास. त्यांना डोळ्यांवर सोनेरी ग्लिटर पाहिजे होतं, भरपूर, लांबून दिसेल असं. मी माझा नेहमीचा मऊ शेडिंगचा ब्रश घेतला आणि डबीत बुडवून लावायला लागले तर पापणीवर दोन आणे आणि गालावर चौदा आणे. तिसऱ्या मुलीपर्यंत सगळ्यांचे गाल असे झाले की जेजुरीहून भंडारा खेळून आल्यात. शेवटी बोटाने थोपटून कसंबसं निभावलं.

पण खरं दुखणं दुसऱ्या दिवशी. एका नवरीला पूर्ण मॅट लुक हवा होता, तपकिरी आणि मरून, जराही चमक नको म्हणून बजावलेलं. तोच ब्रश, तीन वेळा शाम्पूने धुतलेला, आणि तरी तिच्या भुवईखाली चार सोनेरी ठिपके. तिची आत्या म्हणते, अगं हे काय चमकतंय. मी टेपने काढले आणि हसून वेळ मारून नेली पण डोक्यात ते राहिलंच.

मग चार वस्तू मागवल्या. एक चपटा आखूड सिंथेटिक ब्रश, एक सिलिकॉनचं छोटं वल्हं असतं ना तसलं, स्पंजच्या काड्यांचं पाकीट, आणि एक लिक्विड ग्लिटर ज्याच्या झाकणालाच तिरकी मखमली काडी असते. चारही वापरून बघितली आणि चारहींची वेगवेगळी खोड निघाली. सिलिकॉनने चमकी मस्त बसते पण त्याची कड पापणीला टोचते. स्पंज गोंद पिऊन टाकतो. लिक्विडची बाटली पहिले आठ दिवस छान, आता काडीला नुसती जेल येते आणि चमकी बाटलीत बसून माझ्याकडे बघते.

तर प्रश्न असा की ह्या वस्तू बनवणारे नेमका काय विचार करून बनवतात? कोणाला ह्यातलं कळत असेल तर सांगा. "महागातला घ्या" हे उत्तर नको, ते दुकानदार देतोच.

---

चहाबाज

बोट. धागा बंद करा.

---

पिंगळा

रुमाल टाकून ठेवतो. बायको ग्लिटर लावते आणि ऑफिसात लोक माझ्या दाढीकडे बघतात. ह्याचं उत्तर मलाही पाहिजे.

---

खटपट्या_चाकण

ताई, मेकअपमधलं मला ओ की ठो कळत नाही पण सिलिकॉनचं वल्हं म्हणालात म्हणून लिहितोय. मी चाकणला रबर आणि सिलिकॉनचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमला आहे, म्हणजे साचे बनवतो. बहिणीकडे तसलंच एक वल्हं होतं, ते काल रविवारी लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, घालून बघितलं.

आधी मूळ गोष्ट. तुम्ही सगळे "लावायचं कसं" ह्याचा विचार करताय पण ह्या टूलचं अवघड काम लावणं नाहीये, सोडणं आहे. उचलायला काय, फेव्हिकॉल लावलेली काडीसुद्धा चमकी उचलेल, पण सोडेल का? म्हणजे ही चिकटपणाची उतरंड आहे. डबीतली चमकी जेवढ्या जोराने डबीत बसलीये त्याच्यापेक्षा टूलने तिला थोडं जास्त धरायचं, आणि पापणीवरच्या गोंदाने टूलपेक्षा बरंच जास्त धरायचं. ह्या उतरंडीतलं एक मडकं जरी वरखाली झालं की चमकी एकतर डबीतच राहते, नाहीतर टूलवर राहते, नाहीतर गालावर.

आता तुमचा मऊ ब्रश. तो बकरीच्या नाहीतर खारीच्या केसांचा असणार, असले ब्रश कोरड्या पावडरीसाठी असतात. केसाच्या अंगावर खवले असतात, भिंगाखाली बघितलं तर कौलारू छपरासारखे एकावर एक. कोरडी बारीक पावडर त्या कौलांत अडकते आणि हळूहळू सुटते, म्हणून शेडिंग छान होतं. चमकी पण त्याच कौलांत जाऊन बसते, आणि वरून गोंद लागलेला असेल तर मग तीन शाम्पू काय, तीस झाले तरी एखादा कण राहणारच. सिंथेटिक धागा म्हणजे नायलॉन नाहीतर पीबीटी नावाचं पॉलिस्टर, मशीनमधून शेवया काढतात तसा ओढलेला, अंग गुळगुळीत. धरायला कमी पण सोडायला उत्तम. त्याला केसासारखं टोक नसतं म्हणून पीबीटीची टोकं कॉस्टिक सोड्यात बुडवून झिजवतात, मग ती निमुळती होतात आणि त्वचेला टोचत नाहीत. स्वस्त ब्रशात ही पायरी गाळली की तो दाढीच्या खुंटांसारखा लागतो.

सिलिकॉनवर रात्री लिहितो, आता शिफ्ट आहे.

---

मृगजळ

वाचनखूण साठवली. मेकअपच्या धाग्यावर टूलरूमवाला, मजा आली.

---

रंगपेटी

दादा, "लावणं नाही, सोडणं" हे वाचून मी उठून सगळे ब्रश पुन्हा बघितले. आणि हो, तो बकरीच्या केसाचाच आहे, चांगला महागातला. मला वाटायचं महाग आहे म्हणजे सगळ्याला चालेल.

---

चोखंदळ

खटपट्या, छान लिहिलंत, फक्त त्यात विजेचं राहिलं. ग्लिटर म्हणजे बहुतेक वेळा पीईटी, पाण्याच्या बाटल्या होतात तेच प्लास्टिक, त्याची कागदाहून पातळ फिल्म आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळसा थर. पॉलिस्टर आणि नायलॉन एकमेकांवर घासले की एकावर ऋण आणि एकावर धन भार येतो, टेरिकॉटचा शर्ट हिवाळ्यात काढताना चटचट होतं ना तेच. कोरड्या हवेत कोरडा नायलॉनचा ब्रश डबीत फिरवलात की चमकी उड्या मारते, ब्रशच्या दांड्यावर, तुमच्या बोटांवर, सगळीकडे. ब्रश किंचित ओला केला की हा खेळ संपतो, कारण भार पाण्यातून वाहून जातो. ओला म्हणजे थेंब गळेल असा नाही, दोनदा स्प्रे मारून टिश्यूवर टिपलेला. मुंबईच्या दमट हवेत हे फारसं जाणवत नाही, साताऱ्यात डिसेंबरात नक्की जाणवेल.

दुसरं म्हणजे लोक म्हणतात ना की हस्तकलेची चमकी चौकोनी आणि मेकअपची गोल असते, ते काही खरं नाही. दोन्ही बहुतेक षटकोनीच असतात. षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये जागा राहत नाही, त्यामुळे फिल्म कापताना कातरण वाया जात नाही, मधमाश्यांचा हिशोब आहे तो. शिवाय षटकोनाचा कोपरा १२० अंशाचा, चौकोनाच्या ९० पेक्षा बोथट. फरक असतो तो मापात, वरच्या रंगात आणि तपासणीत. मेकअपची बारीक चमकी ०.१ ते ०.२ मिमी, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढी. ठसठशीत म्हणतात ती १ मिमीच्या आसपास. हस्तकलेच्या पुडीतला रंग डोळ्याजवळ चालतो की नाही हे कोणी बघितलेलंच नसतं, आणि काही पुड्यांत सरळ काच असते.

---

चहाबाज

बोट पण ओलं करता येतं. धागा अजून चालूच?

---

नेत्रा

मी डोळ्यांची डॉक्टर, नेहमी वाचनमात्र असते पण इथे लिहायलाच पाहिजे.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि त्याचा सगळ्यात वरचा थर त्याच्या एक दशांश. चमकीचा कोपरा तिथे ओरखडा काढायला पुरेसा आहे. छोटा ओरखडा एक ते तीन दिवसांत भरून येतो, पण ते दिवस डोळा उघडवत नाही, पाणी येतं, उजेड सहन होत नाही आणि जंतुसंसर्ग झाला तर प्रकरण वाढतं. लेन्स लावणाऱ्यांना जास्त त्रास, कण लेन्सखाली अडकला की प्रत्येक उघडझापीला घासतो.

पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात, वरच्या पापणीत २५ ते ४०, अगदी ओळीने. ती तोंडं बुजली की डोळे कोरडे पडतात, रांजणवाडी होते. म्हणून वॉटरलाइन म्हणतात त्या आतल्या कडेवर चमकी अजिबात नको, आणि पापण्यांच्या केसांपासून थोडी जागा सोडून वर लावा. टूलचं म्हणाल तर टोकदार चिमटा डोळ्याजवळ आणू नका, कितीही हात बसलेला असू दे. आणि कण डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, तरी खुपत राहिलं तर दाखवायचं. टेपने चमकी काढताय म्हणून लिहिलंत, गालावरची काढा, पापणीवरची टेपने ओढू नका.

---

खटपट्या_चाकण

डॉक्टर, धन्यवाद, कारण मी आता लिहिणार होतो त्याला तुमचा आधार मिळाला.

सिलिकॉनचं वल्हं. ताई म्हणाल्या की कड टोचते. मी लूपखाली बघितलं तर कडेला पूर्ण गोल फ्लॅश निघालाय. फ्लॅश म्हणजे काय, साच्याचे दोन अर्धे जिथे मिटतात तिथून माल किंचित बाहेर येतो आणि पापुद्रा तयार होतो, इडलीपात्राच्या कडेला पीठ ओघळून सुकतं तसा. वल्ह्याचा आकार चपटा, त्यामुळे साचा मिटायची रेघ नेमकी त्याच्या कडेनेच जाते, म्हणजे जिथे पापणीला टेकणार तिथेच. ह्याला दोन इलाज. एक, रेघ कडेवर न ठेवता पाठीमागच्या बाजूला थोडी सरकवायची, साचा जरा महाग होतो. दुसरा, पार्ट द्रव नायट्रोजनने गार करून फिरत्या पिंपात टाकायचे, पातळ पापुद्रा काचेसारखा कडक होऊन तुटून पडतो आणि जाड भाग मऊच राहतो. स्वस्तातल्या मालाला दोन्ही केलेलं नसतं. घेताना कड खालच्या ओठावरून फिरवून बघा, बोटाला कळत नाही ते ओठाला कळतं. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता मला सगळ्यात जास्त आवडलं ते सांगतो. सिलिकॉन चकाचक आरशासारख्या साच्यातून काढलं तर ते चिकट लागतं, धूळ धरतं, मोबाइलचं पारदर्शक कव्हर बघा दोन दिवसांत कसं होतं. आणि साच्याला आतून स्पार्क मारलेला फिनिश ठेवला, म्हणजे बारीक खरबरीत, तर पार्ट मॅट निघतो आणि काही धरत नाही. बहिणीच्या वल्ह्याला एक बाजू चकचकीत आहे आणि पाठ मॅट. मी आधी म्हटलं हे चुकून झालंय. मग चमकीत बुडवून बघितलं, चकचकीत बाजूला छान थर आला, मॅट बाजूला दोनचार कण. म्हणजे कोणीतरी डोकं लावलंय, पुढून उचलायचं आणि पाठीने पसरलेलं सारखं करायचं, पाठ स्वच्छच राहते. आम्ही एका सीलच्या पार्टला असाच दोन्ही बाजूंना वेगळा फिनिश दिला होता तेव्हा साहेब म्हणालेले कशाला एवढं, असो, ते अवांतर.

आणि टोक पातळ का? स्टिकर काढताना आपण सरळ वर ओढत नाही, एका कोपऱ्यातून उलगडत काढतो, जोर कमी लागतो. टोक पातळ आणि वाकणारं असलं की पापणीवरून उचलताना ते असंच एका बाजूने उलगडत सुटतं आणि चमकी गोंदावर राहते. जाड कडक टोक एकदम सुटतं आणि जाताना चमकी घेऊन जातं. शोअर ए नावाचं मऊपणाचं माप असतं, पेन्सिलचा खोडरबर साधारण ४० च्या घरात येतो, ह्या वल्ह्याचं टोक मला हाताला तेवढंच वाटलं, मोजलेलं नाही.

---

पिंगळा

इडलीपात्र आणि नायट्रोजन एकाच परिच्छेदात. _/\_

---

पडद्यामागचा

मी नाटकाच्या रंगपटात पंचवीसेक वर्षं काढली, आता हात थरथरतो म्हणून बंद केलं. रंगपेटी, तुझा घोळ वाचून हसू आलं कारण आमचाही तोच व्हायचा.

आमच्याकडे तेव्हा कसलं टूल. आगपेटीची काडी, तिला कापूस, आणि व्हॅसलीन. व्हॅसलीनवर चमकी बसायची झकास पण पहिला अंक संपेपर्यंत दिव्यांच्या उष्णतेने ते पातळ व्हायचं आणि चमकी घामाबरोबर गालावर उतरायची. एकाने दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम पापणीला लावून बघितला, त्याचे डोळे दोन दिवस सुजलेले होते. तो उद्योग कोणी करू नका. मग खोट्या पापण्यांचा गोंद वापरायला लागलो, तो ठीक होता, पण त्यात काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते, आधी कोपराच्या आत लावून बघायचं. पुढे क्रायोलानच्या बरण्या आल्या. बर्लिनची कंपनी, १९४५ सालची, नाटकवाल्यांसाठीच सुरू झालेली, त्यामुळे त्यांना घाम आणि दिवे ह्यांची अक्कल होती.

आता तुला एक सांगतो जे मेकअपच्या क्लासात सांगत नाहीत. तू चमकी पुसायची नाहीस, दाबायचीस. घागऱ्यावर आभले शिवतात ते सपाट शिवतात ना? आभला उभा शिवला तर चमकेल का? ब्रश ओढलास की चमकीचे पत्रे उभे होतात, आडवेतिडवे, मग ते चमकत नाहीत, नुसते खरखरीत दिसतात, जवळून तर राख लावल्यासारखे. टेकवायचं, किंचित दाबायचं, उचलायचं. गोंद लावून अर्धा मिनिट थांबायचं, चिकट झाला की मग. ओल्या गोंदात चमकी बुडते, फार सुकला तर बसत नाही.

आणि लांबून दिसायचं तर भरपूर लावून उपयोग नाही. बारीक चमकी भरपूर लावलीस की दहाव्या रांगेतून तिचा नुसता पिवळा डाग दिसतो. मोठी चमकी, आणि सुटी सुटी.

---

चोखंदळ

पडद्यामागचाकाका, तुमच्या शेवटच्या ओळीला हिशोब आहे. चांगल्या नजरेला दोन ठिपके वेगळे दिसायला साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढं अंतर लागतं, म्हणजे १० मीटरवरून ३ मिमी. त्याच्यापेक्षा जवळ असले की ते एकत्र मिसळून एकच उजळ पट्टा होतो. म्हणजे स्टेजवर मोठे कण तीन-चार मिलिमीटरचं अंतर ठेवून लावले तर ते चांदण्यांसारखे सुटे लुकलुकतील. फोटोसाठी उलटं, कॅमेरा हातभर अंतरावर असतो, तिथे बारीक चमकी दाट लावलेली जास्त श्रीमंत दिसते.

---

रंगपेटी

काका!! हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आणि सुटी सुटी लावायची म्हणजे एकेक कण उचलायचा, त्याला काय वापरू? चिमटा डॉक्टरांनी बंद केला.

---

नखरेल

नेल आर्टवाल्यांकडे मेणाची पेन्सिल असते बघ, एका टोकाला चिकट मेण आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा गोल धातूचा मणी. खडे लावायला वापरतात. मेण कोरडा खडा उचलतं आणि ओल्या गोंदावर टेकवला की सोडून देतं, खटपट्यादादांची उतरंडच ती. मेण बोथट असतं त्यामुळे डोळ्याजवळ भीती नाही. मणी असलेलं टोक गोंदाचा ठिपका द्यायला. मी ठाण्याला पार्लर चालवते, एक पेन्सिल नखांना आणि एक डोळ्यांना, वेगवेगळी ठेवते, नखांची डोळ्याला कधीच नाही. मेण मळलं की ब्लेडने तासायचं.

आणि स्पंजच्या काड्यांना नावं ठेवू नकोस. त्या गोंद पितात खरं पण एका गिऱ्हाइकाला एक काडी वापरून फेकता येते. अकरा मुलींच्या डोळ्यांना एकच ब्रश म्हणजे एकीचे डोळे आले की अकराजणींचे. मी डबीत तर कुठलंच टूल घालत नाही, स्टीलच्या पट्टीवर चमकी थोडी काढून घेते आणि तिथून उचलते.

---

नेत्रा

नखरेल ह्यांना +१००.

---

बर्लिनची_माई

मी गेली अनेक वर्षं इकडे आहे, नातीसाठी चमकी शोधत फिरले म्हणून ह्या धाग्यावर आले. युरोपियन युनियनने १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीवर बंदी आणलीये, मायक्रोप्लास्टिकच्या नियमात. त्या आठवड्यात इकडे काही बायकांनी डब्यांचे डबे घेऊन ठेवले होते, तुरडाळ महागणार म्हटल्यावर आपण करतो तसं. पण मेकअपला सवलत आहे, डोळ्यांच्या आणि ओठांच्या मेकअपसाठी २०३५ पर्यंत मुदत, फक्त २०३१ पासून डब्यावर तसं लिहावं लागणार.

आता सेल्युलोजची चमकी मिळते, निलगिरीच्या लाकडापासून फिल्म करतात. ती हाताला मऊ लागते आणि मला तरी वाटतं की तिच्यासाठी ब्रशही मऊच पाहिजे. सिलिकॉनने जोरात दाबली तर माझ्याकडची दुमडते. चमक मात्र प्लास्टिकपेक्षा जराशी कमी, नातीने लगेच ओळखलं.

---

चोखंदळ

माई, आणखी एक पर्याय म्हणजे लेबलवर "सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट" असतं ते बघा, कारखान्यात बनवलेला अभ्रक. "बोरोसिलिकेट" लिहिलं असेल तर काचेची पातळ चकती, वर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. ह्या दोन्हींत प्लास्टिक नाही आणि ह्या बारीक असतात, त्यामुळे बोटानेही लागतात (चहाबाज, खूश?). खाणीतल्या अभ्रकापेक्षा बनवलेला बरा असं मला वाटायचं दुसरं कारण म्हणजे झारखंडातल्या कोडर्माकडच्या अभ्रकाच्या खाणींत लहान मुलं काम करतात हे आता लपून राहिलेलं नाही.

---

चहाबाज

खूश. आणि बोटाचं मी चेष्टेने म्हणत नव्हतो. बोटाला मऊपणा आहे, वाकतं, आणि किती दाबलं ते आपल्याला कळतं. असलं टूल दाखवा.

---

खटपट्या_चाकण

चहाबाज, तुमचं म्हणणं मी मान्य करतो, सिलिकॉनवाले बोटाचीच नक्कल करताहेत. पण बोटाला तेल असतं आणि रेषा असतात, चमकी रेषांत अडकते. शिवाय बोट पापणीच्या मानाने मोठं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जात नाही. मधल्या भागाला बोट, कोपऱ्याला टूल, असा तह करा.

ताईंच्या बाटलीचं राहिलं. ती तिरकी काडी, तिला हरणाच्या खुरासारखा आकार म्हणून इंग्रजीतही हरणाचंच नाव आहे. वरची मखमल म्हणजे नायलॉनचे मिलिमीटरहून आखूड धागे, काडीला गोंद लावून विजेच्या दाबाखाली ते उभे करून चिकटवतात, गणपतीच्या मखराला मखमली कागद असतो तो असाच बनतो. ते उभे धागे जेल धरून ठेवतात आणि जेलमध्ये चमकी असते.

बाटलीच्या गळ्यात आत एक अरुंद रिंग असते, वायपर म्हणतात. काडी बाहेर येताना जास्तीची जेल तिथे निपटली जाते, नाहीतर पहिल्याच वेळी डोळ्यावर लोंदा पडेल. आता बारीक चमकीला ही रिंग ठीक, पण मोठी चमकी त्या फटीतून जाताना खरवडली जाते, जेल बाहेर आणि पत्रे आत. रोज थोडी थोडी अशी आतच राहिली की बाटलीत चमकी वाढत जाते आणि शेवटी गळ्याशी बूच बसतं. माझा अंदाज असा की तुमच्या कंपनीने बारीक ग्लॉसची बाटली आणि वायपर तसाच उचलून ह्यात मोठी चमकी भरली. बाटली नवीन करायची म्हणजे नवा साचा, नवा खर्च, हा प्रकार आमच्याकडे रोज बघतो. वायपर बोथट चिमट्याने अलगद निघतो का बघा, निघाला तर काडी बाटलीच्या आतल्या अंगाला टेकवून निपटा आणि वापरा.

---

मृगजळ

काढायचं कसं ते पण सांगा कोणीतरी. मी गेल्या वर्षीच्या संगीतात लावलेली चमकी परवा उशीवर सापडली.

---

नखरेल

खोबरेल तेल कापसावर, पापणीवर ठेवून वीस-तीस सेकंद नुसतं धरायचं. घासायचं नाही. गोंद सुटला की खालून वर न ओढता बाहेरच्या बाजूला अलगद टिपत न्यायचं, नव्या कापसाने परत. लेन्स असेल तर तेलाच्या आधी काढायची. उशीचं मला माहीत नाही, ती फेकून दे.

---

रंगपेटी

मंडळी, आले परत. मधे दोन आठवडे कामात होते पण ह्या धाग्याची प्रिंट काढून पेटीत ठेवलेली.

धाकट्या बहिणीला बसवून प्रयोग केला. एकच गोंद, एकच चमकी, डावा डोळा चपट्या सिंथेटिक ब्रशने, उजवा सिलिकॉनने. ब्रश आधी कोरडा वापरला तर चमकी दांड्यावर चढली, मग चोखंदळ म्हणाले तसा टिश्यूवर टिपून वापरला तर गप बसली. बारीक चमकीला ओला ब्रश जिंकला, कड एकदम सरळ आली. ठसठशीत चमकीला सिलिकॉन, ब्रश तिथे नुसता ढकलत बसतो. सिलिकॉनची कड मी ओठावर तपासून दुसरं वल्हं घेतलं, दुकानातल्या मुलाने विचित्र नजरेने बघितलं पण घेतलं. वायपर मात्र निघाला नाही, तो काढताना बाटलीच सांडली, त्यामुळे तो विषय संपला.

मग परवा दुसरा ग्रुप होता, नऊ मुली. नऊ काड्या गोंदाला, प्रत्येकीला एक. स्टीलची पट्टी घरातल्या डब्याच्या झाकणाची केली. आधी मॅट रंग, मग अर्धा मिनिट गोंद, मग चमकी दाबून, आणि कडेला मेणाच्या पेन्सिलने मोठे कण तीन-चार मिलिमीटरवर एकेक. गालाचा मेकअप सगळ्यात शेवटी केला म्हणजे पडलेली चमकी आधी टेपने काढता आली. मी मुद्दाम मागे जाऊन बाराव्या रांगेत बसले. काका, तुम्ही म्हणालात तस्सं दिसलं, मुलीने मान फिरवली की एकेक कण पेटत जात होता. एकीने रडारड केली तरी (ढोलकीवाला उशिरा आला म्हणून) चमकी हलली नाही.

बकरीच्या केसाचा ब्रश आता फक्त मॅटला ठेवलाय, दांड्याला लाल दोरा बांधून. त्यातून अजून एखादा सोनेरी कण निघतो कधी कधी.

---

पडद्यामागचा

बाराव्या रांगेत जाऊन बसलीस हे बरं केलंस. आमच्यातले निम्मे रंगभूषाकार आयुष्यभर आरशासमोरूनच बघत राहिले.

---

पिंगळा

दाढीचं कोणीच सांगितलं नाही.

---

चोखंदळ

खोबरेल तेल, वीस-तीस सेकंद.

---

रंगपेटी

अवांतर: पहिल्या कार्यक्रमाच्या शाळेतून काल मुख्याध्यापक बाईंचा फोन आलेला. सातवी ब च्या वर्गाची फरशी अजून चमकतेय म्हणे, आणि मुलं तासाला खाली बघत बसतात. शनिवारी झाडू घेऊन जाणारे. खटपट्यादादा, फरशीला काय?

---

खटपट्या_चाकण

ओलं फडकं, ताई. कोरडा झाडू नेऊ नका, उडेल.